दोनशे तासांनंतर काय?

वैमानिक होणे हा आता फक्त बड्या घरांचा मक्ता राहिलेला नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात कमर्शियल पायलट परवान्याचा अभ्यासक्रम आहे. पण शिष्यवृत्ती अभ्यासक्रमापुरती असते. परवाना हाती आल्यानंतरची वर्षे कोणाच्या जिवावर काढायची, याचा विचार घराघरात व्हायला हवा, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे २०० तासांच्या उड्डाणावर हा परवाना मिळतो. कॅप्टन व्हायला लागणारा वरचा परवाना १,५०० तास मागतो. मधले १,३०० तास कुठून आणायचे? ज्याच्या बापाकडे पैसा आहे, तो आणखी लाखो रुपये भरून एअरबस किंवा बोइंगचे टाइप रेटिंग करतो आणि नोकरीची वाट पाहतो. आपल्या मुलाने त्याची नक्कल करून घर दुसऱ्यांदा गहाण टाकावे काय? हातात नेमणूकपत्र नसताना तर मुळीच नाही. २०१२ साली किंगफिशर, २०१९ साली जेट आणि २०२३ साली गो फर्स्टची विमाने जमिनीवर आली, तेव्हा अनुभवी वैमानिकही रस्त्यावर आले. अशा वेळी दोनशे तासवाल्याला कोण विचारणार?

म्हणून लहान विमानावरच्या नोकरीला कमी लेखू नये. फ्लाइंग क्लबात इन्स्ट्रक्टर झाल्यास पगार थोडा असतो, पण तास स्वतःच्या जबाबदारीचे मिळतात आणि दुसऱ्याला शिकवताना आपलाही हात पक्का होतो. त्यातली उणीवही जाणून घ्यावी. हे तास बहुधा एक इंजिनाच्या विमानाचे असतात, त्यांच्यावर मोठी कंपनी दार उघडेलच असे नाही. चार्टर कंपनीत दोन इंजिनांचे विमान आणि खराब हवामानात उपकरणांवर उडण्याचा सराव मिळतो, मात्र तास सावकाश जमतात. अमेरिकेत २००९ च्या बफेलोजवळच्या अपघातानंतर २०१३ साली सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांची अट लागली. तेव्हापासून तिथला तरुण शिकवणे, हवाई सर्वेक्षण, जाहिरातीचे फलक ओढणे अशी कामे करून तास जमवतो. त्यात त्याला लाज वाटत नाही.

वकील म्हणून दोन गोष्टी बजावतो. पहिली बॉण्डची. ठराविक काळ नोकरी करण्याची अट बेकायदा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली विजया बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच मिळते, पण ते सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तेव्हा रक्कम, मुदत आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात राहणार, हे सहीआधी वाचा. तुमच्याकडूनच पैसे घेऊन तास देणारी ‘नोकरी’ ही नोकरीच नव्हे.

दुसरी लॉगबुकची. २०११ साली बनावट कागदपत्रांवर परवाने घेतल्याची प्रकरणे उघड झाली, अटका झाल्या. न उडलेला एक तासही लिहू नका. आपल्या मुलाच्या पाठीशी मामा-काका नसतात. त्याची खरी नोंद हीच त्याची शिफारस.

आईबापांनो, परवाना झाला की लगेच ‘मोठे विमान कधी?’ असे विचारू नका. या महिन्यात किती तास झाले, एवढे विचारा.