टॅबलेट: उपसाधनांची सुसंगतता आणि मोबाइल डेटावरील निर्बंध

टॅबलेट संगणक, बोलीत 'टॅब', हा स्पर्शपडद्यावर चालणारा, हातात मावणारा संगणक होय. चार्जर, कळफलक, लेखणी, पेनड्राइव्ह, प्रक्षेपक यांसारखी बाहेरून जोडायची साधने एखाद्या टॅबलेटबरोबर नीट चालतात की नाही, या गुणाला उपसाधनांची सुसंगतता म्हणतात. मोबाइल सेवा देणारी कंपनी सिमकार्डावरील इंटरनेटचा वापर जागा, वेग, प्रमाण किंवा प्रकार यांनुसार मर्यादित करते, तेव्हा त्यास डेटा-निर्बंध म्हणतात. हे दोन विषय तांत्रिकदृष्ट्या भिन्न असले, तरी ग्राहकाच्या अनुभवात ते एकत्रच येतात. यंत्र सुस्थितीत असते, पैसेही भरलेले असतात. तरीही एखादे काम होत नाही आणि त्याचे कारण खोक्यावर छापलेले नसते. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार मुख्यतः महाराष्ट्राच्या, आणि त्यातही कोल्हापूरसारख्या सीमावर्ती जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

पोर्ट आणि चार्जर

टॅबलेटच्या पहिल्या दशकात प्रत्येक उत्पादकाचे पोर्ट निराळे असे. ॲपलचा पहिला आयपॅड २०१० साली आला, तेव्हा त्यास ३० पिनांचे रुंद पोर्ट होते. २०१२ मध्ये त्याची जागा 'लाइटनिंग' या अरुंद पोर्टने घेतली. यूएसबी-सी आयपॅड प्रोमध्ये २०१८ साली आले आणि साध्या आयपॅडमध्ये २०२२ साली. अँड्रॉइड टॅबलेटांवर दीर्घकाळ मायक्रो-यूएसबी होते. यूएसबी-सीचे मानक २०१४ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही बाजूंनी बसणारे हे पोर्ट आता बहुतेक टॅबलेटांवर आढळते. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नवीन मोबाइल व टॅबलेटांना ते सक्तीचे केले. भारतात भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये यूएसबी-सीचे भारतीय मानक जाहीर केले.

पोर्टचा आकार एक झाला, म्हणजे सुसंगतता साधली, असा समज सर्वत्र आहे. तो पुरा खरा नाही. यूएसबी-सी हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या आकाराच्या आत वीज किती वाहील, माहिती कोणत्या वेगाने जाईल आणि चित्र बाहेरच्या पडद्यावर दिसेल की नाही, हे प्रत्येक यंत्रात वेगळे ठरते. अनेक स्वस्त टॅबलेटांतील यूएसबी-सी आतून जुन्या यूएसबी २.० इतकेच काम करते. अशा टॅबलेटास केबलने वर्गातील प्रक्षेपक जोडला, तर काहीच दिसत नाही. कारण चित्र पाठवण्याची सोय त्या पोर्टमध्ये मुळातच नसते.

विजेचेही तसेच आहे. संगणकाचे जुने यूएसबी पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट वीज देते. पहिल्या आयपॅडबरोबर १० वॉटचा चार्जर येत असे. त्यामुळे आयपॅड संगणकास जोडल्यावर 'चार्जिंग होत नाही' असा संदेश उमटे आणि लोकांना यंत्रच बिघडले असे वाटे. आजचे वेगवान चार्जर टॅबलेटशी आधी 'बोलणी' करून व्होल्टेज ठरवतात. दोघांना समान भाषा येत नसेल, तर चार्जर सावधपणे सर्वांत कमी दराने वीज देतो. यात धोका काही नाही, फक्त वेळ लागतो. धोका असतो तो मानक न पाळणाऱ्या, दोषपूर्ण केबल व चार्जरांपासून.

कळफलक, लेखणी आणि मराठी

मराठी वापरकर्त्यास कळफलकाची अडचण अधिक जाणवते. बाहेरून जोडलेला कळफलक अक्षर पाठवत नाही. कोणती कळ दाबली, एवढाच क्रमांक तो पाठवतो. त्या क्रमांकाचे 'क' करायचे की इंग्रजी 'के', हे टॅबलेटची प्रणाली ठरवते. म्हणून पडद्यावरच्या कळफलकावर सुरेख मराठी उमटते आणि ब्लूटूथ कळफलक जोडताच इंग्रजी अक्षरे येऊ लागतात, असा प्रकार घडतो. उपाय कळफलक बदलण्याचा नसून, 'बाह्य कळफलक' या शीर्षकाखालील मांडणीत मराठी किंवा देवनागरी निवडण्याचा आहे. देवनागरीची इन्स्क्रिप्ट मांडणी भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात समाविष्ट आहे; ती आत्मसात केलेल्यास कळांवर मराठी अक्षरे छापलेली असण्याची गरज उरत नाही. उच्चारानुसारी लेखनाची सोय मात्र पुष्कळदा पडद्यावरील कळफलकाच्या ॲपपुरतीच असते आणि बाह्य कळफलकाला ती लागू होत नाही.

लेखणीच्या बाबतीत ब्रँडची भिंत सर्वांत उंच आहे. सॅमसंगची एस पेन विद्युत्चुंबकीय तत्त्वावर चालते आणि लिहिण्यासाठी तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. पण ती ज्या पडद्याखाली तशी यंत्रणा आहे तेथेच उमटते. ॲपल पेन्सिलच्या एकाहून अधिक आवृत्त्या असून प्रत्येक आवृत्ती ठरावीक आयपॅडांवरच चालते. २०२२ च्या यूएसबी-सी आयपॅडला कंपनीने लाइटनिंग जोडणीची पहिलीच पेन्सिल दिली आणि ती जोडण्यासाठी वेगळा अडॅप्टर दिला. एकाच उत्पादकाच्या दोन वस्तूंमध्येही सुसंगतता गृहीत धरता येत नाही, हे यावरून दिसते.

सिम आणि लहरींचे पट्टे

सिम घालता येणाऱ्या टॅबलेटात आणखी एक पायरी असते. साधे सिम २५ × १५ मिलिमीटरचे, मायक्रो १५ × १२ चे आणि नॅनो १२.३ × ८.८ चे. पहिल्या आयपॅडला मायक्रो सिम लागे, तेव्हा सिम कापून देण्याचे कटर मोबाइलच्या दुकानांत ठेवले जात.

आकारापेक्षा महत्त्वाचा असतो लहरींचा पट्टा. मार्च २०१२ मध्ये आलेल्या आयपॅडवर '४जी' असे ठळकपणे म्हटले होते. परंतु त्याची ४जी यंत्रणा ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांसाठी होती. भारतात एअरटेलने एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात पहिली ४जी सेवा सुरू केली ती २३०० मेगाहर्ट्झवर. यंत्रही ४जी, सेवाही ४जी. तरी दोघांची गाठ पडणे शक्य नव्हते. ऑस्ट्रेलियात याच नामाभिधानावरून ग्राहक आयोगाने खटला भरला आणि ॲपलला २२.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. आज ५जीच्या बाबतीत अशीच काळजी घ्यावी लागते: जिओची ५जी सेवा स्वतंत्र जाळ्यावर चालते, तर एअरटेलने आपली सेवा ४जीच्या आधाराने उभी केली. टॅबलेट कोणत्या प्रकारास अनुकूल आहे, हे खरेदीपूर्वी पाहणे इष्ट.

परिमंडळे आणि कोल्हापूरची सीमा

भारतातील मोबाइल परवाने परिमंडळवार दिले गेले. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परिमंडळ, मुंबई स्वतंत्र परिमंडळ आणि कर्नाटक तिसरे. कोल्हापूर पहिल्यात मोडते. यातून मोठे विचित्र चित्र निर्माण झाले. कोल्हापूरचा ग्राहक पणजीला गेला, तर तो 'घरातच' असे. तोच आपल्या राज्याच्या राजधानीत गेला, की 'रोमिंग'वर जाई. आणि राष्ट्रीय महामार्गाने कागल ओलांडून सुमारे ४० किलोमीटरवरच्या निपाणीत पोहोचला, की तेथेही रोमिंग. भाषा, नातेसंबंध, बाजार आणि शिक्षण यांनी जोडलेला हा प्रदेश दूरसंचाराच्या नकाशावर दुभंगलेला होता.

३जीच्या काळात ही रेषा अधिक ठळक झाली. २०१० च्या लिलावात २१०० मेगाहर्ट्झचा पट्टा महाराष्ट्रात टाटा, आयडिया आणि व्होडाफोन यांना मिळाला, तर कर्नाटकात टाटा, एअरटेल आणि एअरसेल यांना. म्हणजे आयडिया व व्होडाफोन यांच्याकडे कोल्हापुरात ३जीचा पट्टा होता, निपाणी-बेळगावात नव्हता. एअरटेलचे नेमके उलट. बीएसएनएलला लिलावाबाहेर पट्टा मिळालेला असल्याने सीमेच्या दोन्ही बाजूंस तिची सेवा शक्य होती. उणीव भरून काढण्यासाठी एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी परस्परांचे ३जी जाळे वापरण्याचा करार केला. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०११ मध्ये तो बंद करण्याचा आदेश दिला. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले आणि एप्रिल २०१४ मध्ये निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला. मधल्या काळात टॅबलेटच्या कोपऱ्यातील '३जी' हे चिन्ह सीमेपलीकडे टिकेल की नाही, हे ग्राहकाच्या नव्हे, तर न्यायालयीन वादाच्या हाती होते.

डेटा-पॅकही त्या काळात बहुधा स्वतःच्या परिमंडळापुरते असत. पॅक लागू नसलेल्या ठिकाणी मूळ दर आकारला जाई, आणि १० केबीस १० पैसे हा दर तेव्हा रूढ होता. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो. हिशेब मात्र एका एमबीस दहा रुपयांहून थोडा अधिक असा होतो. टॅबलेटने न विचारता १०० एमबीचे एखादे अद्ययावतीकरण उतरवले, तर हजार रुपये गेले. सीमेलगतच्या गावांत यंत्र कधीकधी पलीकडच्या मनोऱ्याचा सिग्नल पकडते. अशा ठिकाणी 'डेटा रोमिंग' बंद ठेवण्याचा सल्ला दिला जाई, तो याच कारणाने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने देशभर एकाच दराची ४जी सेवा सुरू केल्यानंतर देशांतर्गत रोमिंगचा हा प्रश्न व्यवहारातून जवळजवळ नाहीसा झाला.

प्रमाण, वेग आणि हॉटस्पॉट

आजचा मुख्य निर्बंध प्रमाणाचा आहे. दिवसाला ठरावीक जीबी संपल्यावर सेवा बंद पडत नाही, तिचा वेग उतरतो. अनेक योजनांत तो ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने एक जीबी उतरवण्यास सुमारे ३५ तास लागतात. 'अमर्याद' हा जाहिरातीतील शब्द या आकड्याशेजारी ठेवून वाचावा.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ग्राहकास काही संरक्षणे दिली आहेत. डेटा-पॅकचा ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाल्यावर कंपनीने संदेशाने कळवावे लागते. १९२५ या क्रमांकावर डेटासेवा सुरू वा बंद करता येते. पॅकची कमाल मुदत पूर्वी ९० दिवस होती. २०१६ मध्ये ती ३६५ दिवस करण्यात आली.

केवळ वाय-फायवर चालणारा टॅबलेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वापरण्याची पद्धत घरोघरी आहे. कंपनीला हे कसे कळते? इंटरनेटवरील प्रत्येक माहितीतुकड्यावर 'टीटीएल' नावाचा एक अंक असतो आणि वाटेतील प्रत्येक थांब्यावर तो एकाने घटतो. मोबाइलचा स्वतःचा तुकडा ६४ या अंकासह निघत असेल, तर टॅबलेटकडून मोबाइलमार्गे आलेला ६३ घेऊन बाहेर पडतो. अमेरिकेत काही कंपन्या हॉटस्पॉटसाठी वेगळे शुल्क घेत. तसे शुल्क चुकवणारी ॲप रोखल्याच्या प्रकरणी तेथील दूरसंचार आयोगाशी व्हेरायझनला २०१२ मध्ये साडेबारा लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली.

कोणत्या संकेतस्थळाला किती दर?

निर्बंधाचा सर्वांत दूरगामी प्रकार मजकुरावर आधारलेला असतो: ठरावीक संकेतस्थळे फुकट, उरलेली सशुल्क. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने फेब्रुवारी २०१५ मध्ये इंटरनेट डॉट ऑर्ग ही अशी सेवा भारतात सुरू केली. आरंभीच्या परिमंडळांत महाराष्ट्रही होते. पुढे तिचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. गरिबास काहीच नसण्यापेक्षा थोडे इंटरनेट बरे, हा समर्थकांचा युक्तिवाद. तर ते 'थोडे' कोणते हे कंपनीने का ठरवावे, हा विरोधकांचा. विरोधकांचा प्रश्न अधिक मूलगामी होता, कारण विद्यार्थ्याला कोणते ज्ञान फुकट मिळावे याची निवड त्यात परस्पर होत होती. ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार भिन्न दर आकारण्यास बंदी घातली. उल्लंघनास दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड ठेवला. आणीबाणीतील सेवांपुरता अपवाद आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट तटस्थतेचे तत्त्व परवान्याच्या अटींसाठी स्वीकारले.

शासनाच्या आदेशाने होणारी इंटरनेट-स्थगिती हा कंपनीचा निर्बंध नव्हे, जरी ग्राहकास दोन्ही सारखेच दिसतात. समाजमाध्यमांवरील मजकुरावरून तणाव निर्माण झाल्यावर कोल्हापुरात जून २०२३ मध्ये अशी स्थगिती काही काळ लागू होती.

शिक्षणातील परिणाम

भारतातील शैक्षणिक टॅबलेटचा पहिला मोठा प्रयोग 'आकाश' हा होता. त्याचे ५ ऑक्टोबर २०११ रोजी अनावरण झाले. पुढील आवृत्ती, 'आकाश २', आयआयटी मुंबईच्या सहभागाने नोव्हेंबर २०१२ मध्ये आली. चर्चा सारी किमतीची झाली. पहिल्या आकाशात सिमची सोय नव्हती आणि वाय-फाय तर बहुसंख्य घरांत व शाळांत नव्हतेच. मुंबई महानगरपालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅबलेट दिले, तेव्हा पाठ्यपुस्तके त्यात आधीच भरली होती; डेटाचा प्रश्न तेथे वळसा घालून सोडवला गेला.

२०२० च्या टाळेबंदीत तो वळसा पुरेना. मध्यम दर्जाच्या चित्रफितीस तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. दिवसाला दीड जीबीच्या एका पॅकवर घरातील दोन मुलांच्या तीन-तीन तासांच्या तासिका बसत नाहीत, हे गणित चौथीच्या मुलालाही येईल. जुलै २०२० पासून एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीसाठीची मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर दाखवली गेली. तिला ना टॅबलेट लागे, ना डेटा. नागपूरच्या महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्थेने, म्हणजे महाज्योतीने, इतर मागासवर्ग, भटक्या जमाती, विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी जेईई, नीट व एमएचटी-सीईटीच्या तयारीची योजना आखली, तेव्हा मोफत टॅबलेटच्या जोडीने दररोज ६ जीबी डेटाही योजनेच्या मजकुरातच नमूद केला.