दगडखाण आणि शेजारचे शिवार : चंदीगड परिसराचा धडा

शिवाराला लागून दगडखाण प्रस्तावित झाली की ग्रामस्थांच्या मनात येणारे प्रश्न बहुधा सारखेच असतात. सुरुंगाने घराच्या भिंतींना तडे जातील काय? विहिरीचे पाणी आटेल काय? पिकावर धूळ बसून उत्पादन घटेल काय? यावर पुष्कळदा ‘काही होणार नाही’ असे तोंडी उत्तर मिळते आणि तेथेच अविश्वासाचे बीज पडते. रस्ते, धरणे व घरे यांसाठी खडी लागतेच. परंतु शेजाऱ्यांच्या शंकेचे निरसन आश्वासनाने होत नाही. ते मोजमापाने होते. चंदीगड परिसरातील दोन अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत.

लहान तुकडे, मोठा परिणाम

चंदीगडलगतच्या पंचकुला जिल्ह्यात शिवालिक टेकड्यांतून उतरणारे प्रवाह दगडगोटे व वाळू वाहून आणतात. २०११ मध्ये हरियाणाच्या खाण विभागाने पंचकुलासह अनेक जिल्ह्यांतील गौण खनिजांच्या लिलावाच्या सूचना काढल्या. त्यांपैकी पंचकुल्यातील काही पट्टे प्रत्येकी ४.५ हेक्टरांच्या आतील होते. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीची अट तेव्हा ५ हेक्टर व त्याहून मोठ्या खाणपट्ट्यांनाच लागू होती. एकसंध क्षेत्राचे असे तुकडे पाडले, तर प्रत्येक तुकडा मूल्यमापनातून सुटतो. नदीपात्र, भूजल व जीवसृष्टी यांवरील परिणाम मात्र सर्व तुकड्यांचा मिळून होतो.

दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी आदेश दिला, की ५ हेक्टरांहून लहान पट्टेही, नूतनीकरण धरून, पर्यावरण मंजुरीनंतरच द्यावेत. यातून घ्यावयाचा बोध असा : प्रस्तावित खाण एकटी पाहू नये. जवळच्या खाणी, खडीयंत्रे व मालमोटारींची वर्दळ यांची एकत्र बेरीज मागावी.

शंका तशी नोंद

*हादरे :* खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार राहत्या घरांजवळ जमिनीच्या कंपनाचा कमाल वेग, कंपनाच्या वारंवारितेप्रमाणे, सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटर इतका मर्यादित आहे. खाण सुरू होण्यापूर्वी प्रत्येक घराच्या भिंतींची छायाचित्रे तारखेसह काढून पंचनामा केला, तर जुना तडा कोणता व नवा कोणता, हा वाद उरत नाही. सुरुंगाची वेळ ठरलेली असावी आणि त्यापूर्वी भोंगा वाजावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये वस्तीपासून किमान अंतर सुरुंग लावणाऱ्या खाणीसाठी २०० मीटर व सुरुंगाविना चालणाऱ्या खाणीसाठी १०० मीटर असावे, असे सुचविले होते.

*कडे :* पायऱ्या न ठेवता उभा कापलेला कडा कोसळतो. भिवानी जिल्ह्यातील डाडम येथे १ जानेवारी २०२२ रोजी खाणीत दरड कोसळून कामगारांचे प्राण गेले. खाणीभोवती कुंपण आणि काम संपल्यावर खड्ड्याची व्यवस्था, या दोन्ही गोष्टी आराखड्यात लिखित हव्यात. उघड्या खड्ड्यात साचलेले पाणी मुलांना व गुरांना धोक्याचे असते.

*पाणी :* खाण भूजल पातळीच्या खाली गेली की तळातील पाणी उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरींची पातळी उतरू शकते. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबरमध्ये मोजते. त्याच महिन्यांत गावाने आपल्या विहिरी मोजल्यास दोन्ही नोंदी ताडून पाहता येतात. खाणीपूर्वीचे किमान एक पूर्ण वर्ष हाती असावे.

*धूळ :* पानांवरील धुळीचा थर प्रकाश अडवितो व पर्णरंध्रे बुजवितो. फुलोऱ्यात त्याची झळ अधिक बसते. हवेतील सूक्ष्म धूलिकणांची (पीएम १०) चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. खडीयंत्रावर आच्छादन, पाण्याची फवारणी व झाकलेल्या गाड्या हे उपाय साधे आहेत; ते रोज होतात की नाही, हाच खरा प्रश्न असतो. सिलिकायुक्त दगडाच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसरोग जडतो.

सुखोमाजरीची साक्ष

दुसरा अनुभव खाणीचा नसून मातीचा आहे. १९५८ मध्ये बांधलेला चंदीगडचा सुखना तलाव गाळाने वेगाने भरू लागला, तेव्हा त्या गाळाचा माग पाणलोटातील सुखोमाजरी गावाच्या उघड्या टेकड्यांपर्यंत पोहोचला. मृद व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंदीगड केंद्राचे पी. आर. मिश्रा यांनी १९७० च्या दशकात ग्रामस्थांसह तेथे मातीचे लहान बंधारे उभारले. पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला वाटा मिळाला आणि गावाने टेकड्यांवरील मोकाट चराई आपणहून थांबविली. ज्यांना झळ बसते वा ज्यांनी झळ सोसावी अशी अपेक्षा असते, त्यांना निर्णयात व लाभात वाटा मिळाला, तरच नियम पाळले जातात. खाणीलाही हेच लागू पडते.

विस्तार कार्यकर्त्यांचे काम

ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागू आहे, तेथे तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. सुनावणीला गणसंख्येची अट नाही. म्हणजे गाव आले नाही, तरी ती पार पडते. म्हणून ग्रामस्थांनी अहवालाचा स्थानिक भाषेतील सारांश आधी मिळवावा व हरकती लेखी द्याव्यात. कृषी सहायकांनी विहिरींची पातळी, पिकांचे क्षेत्र व उत्पादन आणि ओढ्यांची स्थिती यांची नोंदवही गावाला करून द्यावी. खाणचालकाने त्याच विहिरी व तीच घरे दर तिमाहीस ग्रामस्थांसमक्ष मोजून आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. मर्यादा ओलांडल्यास काम केव्हा थांबेल आणि भरपाई कोण व किती दिवसांत देईल, हेही आधीच लिहून घ्यावे.

अशी नोंदवही खाणीच्या बाजूने नसते आणि विरुद्धही नसते. शंका निराधार असेल, तर ती तीच दूर करते. आणि शंका खरी ठरली, तर शेतकऱ्याच्या हाती पुरावा राहतो. मात्र तिचे पहिले पान पहिला सुरुंग उडण्यापूर्वी लिहिले गेले पाहिजे.