लहानपण सुरतेत, गाव जामनेर: मेडिकलच्या फॉर्मवर काय लिहायचं?

आजचा एपिसोड नीटची तयारी करणाऱ्यांसाठी आहे, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांसाठी. ऐकताना तारखा आणि नियम निसटून जातात, म्हणून सगळं इथे लिहून देतोय. सेव्ह करून ठेवा.

आपल्या खानदेशातली कितीतरी घरं पोटापाण्यासाठी सुरतेला गेली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागात आपली माणसं पावलापावलावर भेटतात. समजा, जामनेर तालुक्यातल्या अशाच एका घरातली मुलगी आहे. वडील लूमवर कामाला. घरात तावडी, गल्लीत हिंदी-गुजराती, शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. सुट्टी लागली की भुसावळ पॅसेंजरने गावाला. तिला नीटमध्ये चांगले मार्क पडले. आता हे सगळं लहानपण तिने फॉर्मवर कुठे लिहायचं?

सरळ उत्तर: कुठेच नाही. आपला फॉर्म गोष्ट विचारत नाही, दाखला विचारतो.

तिकडे निबंध, इकडे दाखला

अमेरिकेत उलटं आहे. तिथल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जात 5,300 अक्षरांचा एक निबंध असतो. लहानपणी काही अडचणी सोसल्या असतील, तर त्या सांगायला 1,325 अक्षरांची वेगळी जागा असते. आईवडील परदेशातून आलेले, घरी वेगळी भाषा, दवाखान्यात आईसाठी दुभाषी व्हावं लागलं, असं सगळं मुलं तिथे लिहितात आणि वाचणारे ते विचारात घेतात.

आपल्याकडे मार्क आणि कागद. याचा फायदाही आहे: गोष्ट छान रंगवता येते म्हणून कुणी पुढे जात नाही. पण तोटा असा की आपलं स्थलांतर फॉर्मला दिसतं ते फक्त 'कागद कमी आहे' या रूपात.

पहिला प्रश्न: दहावी-बारावी कुठे झाली?

महाराष्ट्राच्या 85 टक्के कोट्यातून एमबीबीएसला जायचं, तर सध्याच्या नियमांप्रमाणे साधारणपणे अधिवास दाखला, म्हणजे डोमिसाईल, लागतो. शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली असावी लागते. बोर्ड सीबीएसई असलं तरी चालतं, शाळा राज्यात हवी.

इथेच आपली मुलगी अडकते. ती मराठीतून शिकली, पण शाळा गुजरातेत होती. फॉर्म भाषा बघत नाही, शाळेचा पत्ता बघतो.

काही अपवाद आहेत. बदलीवर गेलेल्या ठराविक सरकारी नोकरांच्या आणि सैनिकांच्या मुलांना सवलत मिळते. कर्नाटकातल्या सीमाभागातल्या 865 मराठी गावांसाठीही वेगळी तरतूद आहे. लूमवर कामाला गेलेल्यांसाठी मात्र तशी सवलत नाही.

दुसरा प्रश्न: जातीचा दाखला कुठल्या राज्याचा?

'मग गुजरातेतून भरू, दाखला तर आहे,' असं घरी कुणीतरी म्हणतंच. थांबा.

आंध्र प्रदेशातल्या तेनालीत जन्मलेला एक मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे नवव्या वर्षी मुंबईत आला. शिक्षण इथेच झालं. त्याची जमात आंध्रात अनुसूचित होती, महाराष्ट्रात नव्हती. मुंबईत मेडिकलला राखीव जागा नाकारली गेली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं. 1990 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने मर्री चंद्रशेखर राव खटल्यात निकाल दिला: जात किंवा जमात त्या-त्या राज्यापुरती अनुसूचित असते. राज्य बदललं की आरक्षण सोबत येत नाही.

आपल्याकडचं उदाहरण बघा. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे, महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये. माणसं तीच, यादी वेगळी.

जे बाहेरून महाराष्ट्रात आले, त्यांच्यासाठी तारखा आहेत. त्या तारखेला आपलं कुटुंब इथे राहत होतं, याचा पुरावा लागतो:

- अनुसूचित जाती: 10 ऑगस्ट 1950
- अनुसूचित जमाती: 6 सप्टेंबर 1950
- विमुक्त जाती, भटक्या जमाती: 21 नोव्हेंबर 1961
- ओबीसी: 13 ऑक्टोबर 1967

म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या पोराला पणजोबांच्या शाळेचा उतारा शोधावा लागतो.

मग दार कुठलं उघडं आहे?

सरकारी कॉलेजांतला 15 टक्के ऑल इंडिया कोटा. दुसऱ्या राज्यात शिकलेल्यांनाही दार उघडं राहावं, या विचारातून तो आला. त्याची सुरुवात 1984 च्या प्रदीप जैन खटल्यातली. इथे दहावी कुठे झाली हे विचारत नाहीत, आणि एससी-एसटीचा मूळ राज्याचा दाखला चालतो. ओबीसी असाल तर जात केंद्राच्या यादीत हवी आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा. अभिमत विद्यापीठंही सगळ्यांना खुली असतात, पण त्यांची फी आपल्या घरांना झेपणारी नसते.

गुजरातेत दहावी-बारावी झाली असेल आणि तिथला रहिवास सिद्ध होत असेल, तर तिथल्या राज्य कोट्याचे नियमही वाचा. बहुधा खुल्या गटातूनच लढावं लागेल.

आजच करायची कामं

मूल आठवीत असतानाच घरी बसून ठरवा: दहावी कुठे, बारावी कुठे. आजी-आजोबा गावाला असतील, तर नववीपासून जामनेरला शिकायचं का, हा निर्णय तेव्हा घेता येतो. नीटच्या निकालानंतर नाही.

शाळा बदलताना दाखला अडवला जात असेल, तर लक्षात ठेवा: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाचा बदलीचा दाखला मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो.

वडील, आजोबा, पणजोबा यांचे शाळेचे जुने उतारे गावच्या शाळेतून आत्ताच काढा. जात पडताळणीचा अर्ज अकरावीत टाका. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. 'शेजारच्याचं झालं होतं' यावर विसंबू नका.

आणि ती गोष्ट? घरातली तावडी, गल्लीतली गुजराती? फॉर्मला ती नको आहे, पण पेशंटला हवी असते. उद्या ओपीडीत एखादी म्हातारी आपल्या बोलीत दुखणं सांगेल, तेव्हा ते तुम्हालाच नीट कळेल. तिथपर्यंत पोचायला मात्र आज फाईल नीट लावा.

हा भाग आठवीतल्या एखाद्या मुलाच्या घरी नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.