ग्रीन कार्डचा अर्ज आणि लग्नाची तारीख

अमेरिकेत स्थायिक झालेल्या भावाने, बहिणीने किंवा आईवडिलांनी अर्ज केला आहे, त्यासाठी स्नानसंस्काराचा दाखला हवा आहे, अशी विनंती घेऊन वसई-मुंबईकडील धर्मग्रामांच्या कार्यालयात माणसे येतात. अर्ज एकदा दाखल झाला की पुढे केवळ वाट पाहायची, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. वाट पाहण्याच्या वर्षांत घरात जे घडते, त्यावर तो अर्ज जगतो किंवा मरतो.

प्रथम हे ध्यानी घ्यावे, की आपण ज्याला कुटुंब म्हणतो ते सारे त्या कायद्याच्या दृष्टीने एका रांगेत बसत नाही. अमेरिकन नागरिकाचा पती वा पत्नी, २१ वर्षांखालील अविवाहित मुले आणि (नागरिक स्वतः २१ वर्षांचा असल्यास) आईवडील यांना संख्येची मर्यादा नाही. उरलेल्यांना रांग आहे. १९९० च्या कायद्याने नागरिकांच्या भावंडांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा ठरवून दिले आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला एकूण संख्येच्या सात टक्क्यांहून अधिक सहसा येत नाहीत. परिणामी २०२५ साली भारतातील भावंडांच्या वर्गात २००६ साली दाखल झालेल्या अर्जांची पाळी आली होती. केवळ ग्रीन कार्ड असलेल्या, नागरिक नसलेल्या व्यक्तीला तर भावंडांसाठी वा आईवडिलांसाठी अर्जच करता येत नाही. तिला पती वा पत्नी आणि अविवाहित मुले एवढ्यांसाठीच अर्ज करता येतो.

भावंडांच्या अर्जात त्यांचे जोडीदार व २१ वर्षांखालील मुले समाविष्ट असतात. पण अर्जाच्या वेळी आठ वर्षांचे असलेले मूल पाळी येईतो २७ वर्षांचे होते. २००२ च्या एका कायद्याने यात थोडा दिलासा दिला. कार्यालयाने अर्ज मंजूर करण्यास जितका काळ घेतला, तितका काळ मुलाच्या वयातून वजा होतो. अर्ज चार वर्षे पडून असेल तर हे २७ वर्षांचे मूल २३ चे धरले जाईल, म्हणजे तरीही बाहेरच. अर्जाच्या वेळी चार वर्षांचे असलेले मात्र वाचेल. सरकारी दिरंगाईचा लाभ व्हावा, असे उदाहरण विरळाच! अशा प्रकारे वय उलटलेल्या मुलांना भावंडाच्या अर्जाची जुनी तारीख वापरता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला.

आता सर्वांत नाजूक बाब. मुलीने नागरिक होऊन आईवडिलांना बोलावले, तर घरातील धाकटा मुलगा त्यांच्या अर्जावर जाऊ शकत नाही. आईवडील ग्रीन कार्डधारक झाल्यावर ते त्याच्यासाठी स्वतंत्र अर्ज करतात. त्याचे वय २१ वर्षांहून अधिक असेल तर ही रांग आज आठ-नऊ वर्षांची आहे आणि तिची अट एकच : मुलगा अविवाहित हवा. त्याने या काळात लग्न केले, की अर्ज त्याच क्षणी रद्द होतो. ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलासाठी वर्गच नाही. व्हिसा हाती पडल्यावर, पण अमेरिकेत पाऊल ठेवण्यापूर्वी लग्न झाले तरी तो व्हिसा निरुपयोगी ठरतो. आईवडील नागरिक झाल्यानंतर लग्न झाले तर अर्ज टिकतो. रांग मात्र अधिक लांब होते. (भावंडांच्या वर्गात लग्नाची अशी आडकाठी नाही. येथेच पुष्कळांचा गोंधळ होतो.)

तिशी उलटलेला मुलगा, ठरलेली सोयरीक आणि मुलीकडच्यांची घाई अशा पेचात एक पळवाट कुजबुजली जाते : ‘लग्न चर्चमध्ये गुपचूप लावू, महापालिकेत नोंद करायची नाही, म्हणजे कागदावर तो अविवाहितच.’ ही शुद्ध फसगत आहे. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ नुसार चर्चमध्ये विधिवत लागलेले लग्न हे कायदेशीर लग्न आहे, आणि जेथे लग्न लागले तेथील कायद्याने ते वैध असेल तर अमेरिकाही ते वैध मानते. शिवाय १९८३ च्या कॅनन लॉनुसार लग्नाची नोंद वधूवरांच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीतही केली जाते आणि पुढे दिल्या जाणाऱ्या दाखल्यावर ती नमूद करावीच लागते. ‘फादर, तेवढी ओळ गाळा’ अशी विनंती कोणत्याही धर्मगुरूला मान्य करता येणार नाही. मुलाखतीत लग्न लपवल्याचे उघड झाले तर असत्य निवेदनाबद्दल अमेरिकेची दारे कायमची बंद होऊ शकतात, आणि तेथे जाऊन स्थिरावलेल्यालाही परत पाठवले जाऊ शकते. साखरपुडा मात्र लग्न नव्हे. तो करून थांबता येते. अविवाहित म्हणून एकदा प्रवेश झाला, की परत येऊन लग्न करावे व पत्नीसाठी अर्ज भरावा. त्यातही काही वर्षांची ताटातूट आहे, आणि ती मुलीच्या घरच्यांना आधीच स्पष्ट सांगणे हा साधा प्रामाणिकपणा होय.

दाखल्यांविषयी थोडे. जन्माचा पुरावा म्हणून प्रथम सरकारी जन्मदाखलाच लागतो. तो उपलब्ध नसल्यास तसे सरकारी प्रमाणपत्र घेऊन त्यासोबत स्नानसंस्काराचा दाखला जोडता येतो. मात्र त्यावर चर्चचा शिक्का, जन्मतारीख, जन्मस्थळ व आईवडिलांची नावे हवीत, आणि संस्कार जन्मानंतर दोन महिन्यांच्या आत झालेला असावा. आडनावाचे स्पेलिंग नोंदवहीत एक, पासपोर्टवर दुसरे, हे आपल्याकडे नेहमीचेच. नोंदवही खोडण्याचा आग्रह धरू नये. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे.

अर्ज करणाऱ्यालाही उत्पन्नाची हमी लिहून द्यावी लागते : कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के. ही हमी आप्त नागरिक होईपर्यंत किंवा त्याची सुमारे दहा वर्षांची नोकरी भरेपर्यंत सहसा सुटत नाही. पतीपत्नीचा घटस्फोट झाला तरीही नाही.

मंजुरीचे पत्र जपून ठेवावे आणि घर बदलल्यास नवा पत्ता व ई-मेल कळवावा. व्हिसा उपलब्ध झाल्याची सूचना मिळाल्यापासून वर्षभरात पुढील अर्ज केला नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते.