परिचयपत्रातील उद्दिष्ट

परिचयपत्रातील उद्दिष्ट म्हणजे नोकरीसाठी पाठवायच्या परिचयपत्रात (प्रचलित शब्द: बायोडाटा, रेझ्युमे) नाव-पत्त्याच्या खाली लिहिले जाणारे एक-दोन वाक्यांचे निवेदन होय. उमेदवाराला कोणते काम हवे आहे आणि त्या कामासाठी त्याच्याजवळ काय आहे, हे त्यात सांगितलेले असते. शिक्षण, गुण, जन्मतारीख हा उर्वरित मजकूर नोंदवजा असतो. स्वतः वाक्य रचून लिहावा असा भाग बहुधा एवढाच. नवशिक्या उमेदवारांकडून नक्कल होते तीही मुख्यतः याच भागाची.

== पार्श्वभूमी ==
लिओनार्दो दा विंची याने सुमारे १४८२ मध्ये मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी तयार केलेल्या पत्राच्या मसुद्याला पुष्कळदा पहिले परिचयपत्र म्हटले जाते. त्यात पूल, तोफा, वेढ्याची साधने अशी युद्धोपयोगी कामे आधी येतात आणि चित्रकला अगदी शेवटी. मागणाऱ्याची गरज ओळखून लिहिण्याचा हा उत्तम नमुना आहे.

मराठी घरांत ‘बायोडाटा’ हा शब्द विवाहस्थळांसाठीही वापरला जातो. त्यात ‘अपेक्षा’ या शीर्षकाखाली समोरच्याकडून काय हवे ते लिहितात. नोकरीच्या बायोडाट्यातही हीच सवय उतरते आणि उद्दिष्टाऐवजी अपेक्षांची यादी तयार होते.

== उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसर ==
ठाणे जिल्ह्यातील ही तीन शहरे मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर एकापुढे एक वसली आहेत; परंतु तिथल्या नोकऱ्या एकसारख्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कॅम्प या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. व्यापार, जीन्सची शिलाई व लहान कारखाने यांवर हे शहर चालते. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहत आहे; बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत.

यामुळे एकच उद्दिष्ट तिन्हीकडे चालत नाही. शिलाईच्या कारखान्यात कारागीर ओळखीतून लागतो. तिथे परिचयपत्र क्वचितच मागतात. तिथल्याच हिशेबनिसाला मात्र ते लागते, आणि त्याने टॅली व जीएसटी विवरणपत्रांचा अनुभव पहिल्याच ओळीत सांगणे उपयुक्त ठरते. रासायनिक कारखान्यासाठी आयटीआयचा ‘अटेंडंट ऑपरेटर (केमिकल प्लांट)’ हा ट्रेड पूर्ण नावानिशी लिहावा, कारण नोकरीच्या संकेतस्थळांवर शोध शब्दांवरूनच घेतला जातो. पाळीचे काम करण्याची तयारी असेल, तर तीही इथेच सांगावी. कारखान्याजवळ राहणारा उमेदवार रात्रपाळीसाठी अधिक भरवशाचा वाटतो. असा पत्ता ही गुणवत्ता नसली तरी सोय नक्कीच आहे.

== नमुने ==
झेरॉक्स व टंकलेखनाच्या दुकानांत तयार साच्यातून पुढील धर्तीचे वाक्य मिळते:

: ‘नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून माझ्या क्षमतांचा विकास करणे व संस्थेच्या प्रगतीस हातभार लावणे.’

यात व्याकरणाची चूक नाही, पण कामाचे नावही नाही. हे वाक्य फिटरला लागू पडते तसेच परिचारिकेलाही. बहुतेक वेळा ते इंग्रजीत असते, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला मुलाखतीत त्यातल्याच एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की तो गप्प होतो. हातात चांगले कसब असलेला मुलगा अशा वेळी स्वतःच्याच कागदासमोर परका ठरतो. त्याऐवजी:

: ‘आयटीआय फिटर ट्रेड उत्तीर्ण. एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी पंप-दुरुस्ती विभागात पूर्ण. रासायनिक कारखान्यात देखभाल फिटर म्हणून तिन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी.’

दुसऱ्या नमुन्यातील प्रत्येक गोष्ट प्रमाणपत्राने किंवा प्रश्न विचारून पडताळता येते. शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्यानुसार झालेली असल्यास तिचा उल्लेख विशेष वजनदार ठरतो. न आलेले काम मात्र लिहू नये; यंत्रासमोर उभे केल्यावर ते पाच मिनिटांत उघड होते.

== कधी वगळावे ==
अनेक वर्षांचा अनुभव असलेले उमेदवार उद्दिष्टाच्या जागी अनुभवाचा सारांश देतात. पहिली नोकरी शोधणारे, क्षेत्र बदलणारे आणि मुलांच्या संगोपनासाठी काही वर्षे घरी राहून परतणाऱ्या स्त्रिया यांना उद्दिष्टाचा उपयोग सर्वाधिक होतो, कारण मधल्या रिकाम्या वर्षांचे कारण त्यांना एका वाक्यात देता येते. शासकीय भरतीत ठरावीक नमुन्याचा अर्ज भरायचा असतो व त्यात या भागासाठी सहसा रकाना नसतो.