ट्यूडर दरबारातील विवाहसंबंध आणि राजकृपा : एक अभ्यास

प्रस्तावना :
इंग्लंडच्या इतिहासात १४८५ ते १६०३ हा कालखंड ट्यूडर कालखंड म्हणून ओळखला जातो. या काळात उमराव घराण्यांतील विवाह ही केवळ कौटुंबिक बाब नव्हती. जमीन, पदवी, दरबारातील स्थान आणि राजाची मर्जी या गोष्टी विवाहाशी निगडित होत्या. मात्र राजघराण्याशी जुळलेली सोयरीक एकास उत्कर्षाप्रत नेई, तर दुसऱ्यास तुरुंगात. असे का घडत असे, याचा शोध प्रस्तुत लेखात निवडक उदाहरणांच्या आधारे घेतला आहे.

पालकत्वाचा हक्क :
राजाकडून थेट जमीन धारण करणाऱ्या उमरावाचा मृत्यू झाला आणि वारस अल्पवयीन असला, तर त्या वारसाचे पालकत्व व विवाह ठरविण्याचा हक्क राजाकडे जात असे. राजा हा हक्क मर्जीतील व्यक्तीस देई किंवा विकत असे. या कारभारासाठी १५४० मध्ये स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले. सफोकचा ड्यूक चार्ल्स ब्रँडन याने कॅथरिन विलोबी या वारसदार मुलीचे पालकत्व मिळविले. तिचा विवाह त्याच्या मुलाशी व्हावयाचा होता. परंतु १५३३ मध्ये पत्नीच्या निधनानंतर काही महिन्यांतच त्याने स्वतः १४ वर्षांच्या कॅथरिनशी विवाह केला. तिच्याबरोबर लिंकनशायरमधील विस्तीर्ण जमीनजुमलाही त्याच्याकडे आला. राजकृपेचे रूपांतर मालमत्तेत कसे होई, याचे हे बोलके उदाहरण होय.

संमतीविना विवाह :
ब्रँडनची दिवंगत पत्नी म्हणजे आठव्या हेन्रीची धाकटी बहीण मेरी. फ्रान्सचा राजा बारावा लुई १ जानेवारी १५१५ रोजी मरण पावल्यानंतर त्याची विधवा असलेल्या मेरीने पॅरिसमध्ये ब्रँडनशी गुप्तपणे विवाह केला. हेन्री संतापला, परंतु ब्रँडन त्याचा जुना स्नेही होता आणि वुल्झीने मध्यस्थी केली. सुमारे २४,००० पौंडांचा दंड हप्त्यांनी भरण्याच्या अटीवर त्यांना क्षमा मिळाली आणि मे १५१५ मध्ये ग्रिनिच येथे त्यांचा विवाह जाहीरपणे पार पडला.

याउलट १५३६ मध्ये नॉरफोकच्या ड्यूकचा सावत्र भाऊ लॉर्ड टॉमस हॉवर्ड याने राजाची भाची मार्गारेट डग्लस हिच्याशी गुप्तपणे विवाह ठरविला. दोघांचीही रवानगी टॉवरमध्ये झाली. टॉमसला देहदंड सुनावण्यात आला व राजाच्या निकटच्या नातलगांशी परवानगीविना विवाह करणे राजद्रोह ठरविण्यात आले. शिक्षा अमलात आली नाही. पण १५३७ मध्ये टॉमस टॉवरमध्येच मरण पावला.

या दोन प्रसंगांतील फरक केवळ राजाच्या लहरीचा नव्हता. १५३६ च्या उन्हाळ्यात हेन्रीच्या मेरी आणि एलिझाबेथ या दोन्ही मुली कायद्याने अनौरस ठरल्या होत्या. त्यामुळे भाची सिंहासनाच्या अगदी जवळ आली होती. तिचा पती होणारा उमराव उद्या राजाचा प्रतिस्पर्धी ठरू शकत होता.

पुढील पिढी :
ब्रँडन आणि मेरी यांची नात कॅथरिन ग्रे हिने १५६० च्या अखेरीस हर्टफर्डचा अर्ल एडवर्ड सीमोर याच्याशी गुप्त विवाह केला. राणी एलिझाबेथ अविवाहित होती आणि आठव्या हेन्रीच्या मृत्युपत्रानुसार तिच्यानंतरचा वारसा कॅथरिनकडे येत होता. १५६१ मध्ये दोघे कैदेत पडले, १५६२ मध्ये विवाह अवैध ठरविण्यात आला. १५६८ मध्ये कॅथरिन नजरकैदेतच वारली. आजी-आजोबांना दंड भरून जी क्षमा मिळाली, ती नातीला मिळू शकली नाही.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, ट्यूडर दरबारात विवाह हा राजकृपेचे फळ होता आणि तिची कसोटीही. सोयरीक जमिनीपुरती असेतो राजा उदार असे. ती वारसाहक्कापर्यंत पोहोचताच तो कठोर होई. या व्यवहाराची सर्वाधिक किंमत मात्र स्त्रियांनी मोजली. कॅथरिन विलोबीचा विवाह इतरांनी ठरविला, तर कॅथरिन ग्रेने स्वतः ठरविलेला विवाह तिच्या कैदेस कारण झाला.