तळहात वर, नोंद वेळेवर

तुआसच्या शिपयार्डमध्ये किंवा कारखान्यात कामाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ही माहिती असावी. निसटणारे ओझे एकदम सावरताना कोपराच्या पुढच्या बाजूला 'टक्' असे होते, तिथे काळेनिळे पडते आणि दंडाची बेटकुळी वर सरकते. या स्नायूला कोपराखालच्या हाडाशी बांधणारी दोरी, म्हणजे कंडरा, तुटल्याची ही खूण. मध्यम वयाच्या पुरुषांत हे जास्त आढळते. धूम्रपानाने धोका वाढतो.

कोपर वाकतो, म्हणून हात मुरगळला असे समजून तेल चोळत बसू नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दुरुस्ती सोपी असते. पुढे कंडरा आखडते. शस्त्रक्रिया न केल्यास स्क्रू पिळण्याची ताकद साधारण ४० टक्के कमी होऊ शकते. फिटरला हे कसे परवडावे?

शस्त्रक्रियेत हात कसा ठेवतात? रुग्ण उताणा, हात शेजारच्या छोट्या टेबलावर आणि पुढून छेद घेताना तळहात पूर्ण वर, तीर्थ घेताना असतो तसा. त्यामुळे कंडरा जोडायचा हाडाचा उंचवटा समोर येतो आणि बोटे उचलणारा मज्जातंतू दूर सरकतो. मागूनही छेद घ्यायचा असल्यास त्या वेळी तळहात खाली वळवतात, कारण तेच. शस्त्रक्रियेनंतर अंगठ्याच्या बाजूने हाताला बधिरपणा येऊ शकतो; तो बहुधा हळूहळू जातो.

जड काम पुन्हा सुरू करायला तीन ते सहा महिने लागतात. मग घरखर्चाचे काय? सिंगापूरचा २०१९ चा कामावरील दुखापत भरपाई कायदा १ सप्टेंबर २०२० पासून लागू आहे. दुखापत कामामुळे झाली असेल, तर चूक कोणाची हे न पाहता नोकरदाराला, वर्क परमिटवर असला तरी, उपचारखर्च व रजेचे वेतन मिळते. बाह्यरुग्ण रजेचे १४ दिवस किंवा रुग्णालयीन रजेचे ६० दिवस पूर्ण वेतन. पुढे अपघातापासून वर्षभरापर्यंत दोन-तृतीयांश. दावाही वर्षाच्या आत करावा लागतो.

तेव्हा दुखापत होताच त्याच दिवशी सुपरवायझरला कळवावे आणि डॉक्टरांना 'काम करताना झाले' असे स्पष्ट सांगावे. रजेच्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवावी.